वरचा एक

कोपरखैरणे,
१२ जानेवारी २०२५

आई,

लांबूनच पाया पडते. तुम्ही निघताना म्हणाला होतात, "फोनवर तुझा अर्धा शब्द मला लागत नाही, पत्र लिही, चार वेळा वाचता येतं." म्हणून आज रविवारी कागद घेऊन बसले आहे. अठरा वर्षांनी नोकरीला लागलेली सून लिहिते आहे, तेव्हा अक्षराला हसू नका. हाताला अजून माउसची सवय व्हायचीय आणि पेनाची सवय तर कधीच सुटली.

आई, मला काम येतं! हेच आधी सांगायचं होतं. पहिल्या दिवशी जिना चढताना वाटत होतं, डिप्लोमा जुना, वाशीचा कॉम्प्युटरचा क्लास तीन महिन्यांचा, वय चव्वेचाळीस, ही पोरं मला 'काकू' म्हणून चहा करायला लावतील. पण ड्रॉइंग पडद्यावर उघडलं आणि सगळं ओळखीचं निघालं.

कारखाना तुर्भ्याला, ट्रकांच्या रांगेतून वाट काढत आत गेलं की. पंपांचे सुटे भाग बनतात. खाली मशिनं, वर ऑफिस. मालक नंदकिशोर सर, बोलायला मोकळे. माझं काम असं: गिऱ्हाइकाकडून भागाचं ड्रॉइंग येतं, त्यावर ढीगभर मापं असतात. प्रत्येक मापाशेजारी एक गोल काढायचा आणि त्यात नंबर घालायचा. त्या गोलाला बलून म्हणतात. भाग बनला की खाली वामनदादा, आमचे इन्स्पेक्टर, एकेका बलूनचं माप घेतात आणि तक्त्यात त्या नंबरापुढे लिहितात. माप बसलं तर ओळ हिरवी, नाही बसलं तर लाल. लग्नाआधी मी हेच गोल कागदावर रुपयाचं नाणं ठेवून पेन्सिलीने काढायचे. आठवतं, लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही माझ्या पर्समधलं ते काळं झालेलं नाणं चिंचेने घासून दिलं होतंत. आता एका क्लिकवर पानभर फुगे उगवतात.

तीन महिने बघू म्हणालेत. पुण्याच्या एका कंपनीचं नवं काम आलंय. त्याचं पहिलं सॅम्पल पास झालं तर वर्षभराची ऑर्डर आणि माझी खुर्ची पक्की. नाही झालं तर वरच्या ऑफिसात दोन माणसं परवडत नाहीत, असं सरांनी तोंडावर सांगितलंय. तुमचा अभिराम म्हणतो, टेन्शन घेऊ नकोस. मी घेतेय. मजा येतेय घ्यायला.

एक विचारू? माझं नोकरीचं नक्की झालं आणि त्याच आठवड्यात तुम्ही देवरुखला वैशालीताईंकडे गेलात. त्यांच्या घराचं काम निघालंय म्हणालात. पण आई, तुम्ही तुमची उशी नेलीत. उशी घेऊन जाणारं माणूस चार दिवसांसाठी जात नाही. माझ्यावर रागावून गेलात का?

तुमची,
गीता


देवरुख,
२० जानेवारी २०२५

चि. गीता,

आशीर्वाद. पत्र चार नाही, सहा वेळा वाचलं. त्यातलं एकदा वैशालीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिची सासू मध्येच म्हणाली, "कारखान्यात फुगे? कुणाचा वाढदिवस?" मी म्हटलं, आमच्या सुनेचा.

उशी नेली कारण वैशालीच्या घरातल्या उशा म्हणजे पाटे-वरवंटे आहेत. बाकी गवंडी येतो, जातो. त्यावर जास्त काय लिहायचं.

मला एक समजलं नाही. फुगे कॉम्प्युटरच काढतो तर तुला पगार कशाचा देतात? सावध राहा हो. उद्या मालकाच्या लक्षात येईल.

परवा शेजारच्या भगवान मास्तरांच्या मुलीचं लग्न झालं. तुझी नणंद पाकिटात पाचशेची नोट घालून निघाली. नुसती नोट! मी तिला मांडवाच्या दारात थांबवलं. म्हटलं, वरचा एक कुठाय? म्हणे आई, आता कोण बघतं. कोण बघतं म्हणून घालायचा असतो का? शून्यावर दिलं की देणं तिथंच संपलं. वरचा एक असला की येणं-जाणं चालू राहतं. शेवटी चपला सांभाळायला बसलेल्या बाईकडून रुपया मागून घेतला, पण घातला. वैशाली अजून फुगून बसली आहे. तिच्यावरही एक नंबर घाल.

सॅम्पलचं कळव. गोडाचं काही पाठवू का?

आई


कोपरखैरणे,
२ फेब्रुवारी २०२५

आई,

पगार कशाचा ते मला या आठवड्यात नीट कळलं!

एका जुन्या कामाचं ड्रॉइंग गिऱ्हाइकाने बदलून पाठवलं. फक्त एक भोक कमी केलं होतं, सात नंबरचं. मी हुशारी केली. म्हटलं, एकेक काय बघायचं, सगळे फुगे पुसून परत एका क्लिकवर काढू. कॉम्प्युटरने काढले की! सात गेला म्हणून आठचा सात केला, नवाचा आठ केला, अशी सगळी रांग एक पाऊल पुढे सरकली. आणि खाली वामनदादांनी अर्धी मापं जुन्या नंबरांवर घेऊन ठेवलेली.

दादा नावडे गावचे. एरवी मला 'ताई' म्हणतात. त्या दिवशी जिना चढून आले ते 'मॅडम' म्हणत. "मॅडम, काल ज्याचं नाव आठ व्हतं त्याला आज सात म्हनायचं? मी भिंतीच्या जाडीपुढं भोकाचा व्यास लिवून बसलोय. तक्ता बगा, सगला लालभडक, जशी काय होली पेटली!"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. सर हसले, पण फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'खाली गेलेला नंबर पुसायचा नाही.' माप रद्द झालं तरच त्या नंबरावर काट मारायची आणि जागा रिकामी ठेवायची. नवं माप आलं तर त्याला शेवटच्या नंबराच्या पुढचा नंबर. कॉम्प्युटर हे आपणहून पाळत नाही, त्याला सांगावं लागतं. कळलं पगार कशाचा?

आता खरी गंमत. पुण्याच्या ड्रॉइंगचे फुगे मी परवा पुरे केले. हे एकेक करून काढले, कारण आता धडकी भरलीय. शेवटचं माप झालं आणि नंबर आला शंभर. बरोब्बर शंभर. मी 'सेव्ह' करायला गेले आणि मला तुम्ही दिसलात, मांडवाच्या दारात हात आडवा करून उभ्या.

आई, माझ्याने शंभरावर सोडवेना.

ड्रॉइंगवर काही मापं कंसात लिहिलेली असतात. ती नुसती माहितीपुरती. म्हणजे भागाच्या तीन टप्प्यांच्या लांब्या वेगवेगळ्या दिलेल्या असतात आणि एकूण लांबी कंसात. टप्पे तपासले की झालं, कंस कुणी तपासत नाही. म्हणून त्याला फुगाही देत नाहीत. या ड्रॉइंगवर असा एकच कंस होता. मी इकडेतिकडे बघितलं आणि त्याला देऊन टाकला. नंबर एकशे एक!

कुणाला बोलले नाही. अभिरामलाही नाही. फक्त तुम्हाला. सॅम्पल पास होऊ दे, एवढंच मनात म्हटलं.

गवंड्याचं काम कुठवर आलं?

गीता


देवरुख,
९ फेब्रुवारी २०२५

चि. गीता,

अगं, मी इतकी हसले की वैशाली पाणी घेऊन धावली. एकशे एक! तुझ्या त्या पुण्यातल्या कंपनीला कल्पना तरी आहे का, त्यांना कोणाच्या सुनेने आहेर केलाय?

पण हसून झाल्यावर एक खटकलं. आहेर घेणारा वरचा रुपया उलटापालटा करून बघत नाही. तुझा वामन बघणार ना? तू नंबर दिलास म्हणजे तो माप घेणार. मग कुणी विचारलं, हा जास्तीचा कुठून आला, तर काय सांगशील? कामात असला खेळ करावा की नाही, मला कळत नाही. मी शिकलेली बाई नाही. तुला जमत असेल तर आत्ताच कुणाच्या तरी कानावर घाल. आणि कुणी ओरडलं तर माझ्यावर ढकल. सासू कशाला असते?

अभी वेळेवर जेवतो का, हे मी विचारणार नाही. पन्नाशीला आलाय.

आई


कोपरखैरणे,
१६ फेब्रुवारी २०२५

आई,

तुमचं पत्र आलं तेव्हा उशीर झाला होता. तुम्ही म्हणालात तसंच झालं, आणि त्याच्याही पुढचं झालं. 

शुक्रवारी सॅम्पल तयार झालं. वामनदादा खालून मोबाइलवर मापं सांगत होते आणि मी वर बसून तक्ता भरत होते. एक हिरवा, दोन हिरवा, वीस, पन्नास, सगळे हिरवे! सर मागे येऊन उभे राहिले. शंभर हिरवा झाला तसे ते टाळी वाजवायला गेले आणि शेवटची ओळ लाल झाली. अर्धा मिलिमीटर जास्त.

"ये क्या लफडा है?" सर म्हणाले. "कंसाला फुगा? कुणी दिला?"

मी ड्रॉइंग उघडलं.

वामनदादा वर आले. "नंबर हाय तर मी माप घेनार. नसता दिला तर नसतं घेतलं."

"पुसा तो."

दादांनी फळ्याकडे बोट केलं. सरांनी स्वतःचंच अक्षर वाचलं.

"मग काट मारा!"

"काट रद्द झालेल्या मापावर मारायची, सर," माझ्या तोंडून गेलं. "हे माप ड्रॉइंगवर आहे अजून. मला पाच मिनिटं द्या."

आई, मी ड्रॉइंगवरच्या तीन टप्प्यांची बेरीज केली. चाळीस, साडेबासष्ट आणि बावीस. तुम्ही पण करा. शंभरावर साडेचोवीस येतात. कंसात काय लिहिलंय? एकशे चोवीस! म्हणजे भाग लिहिल्याप्रमाणे बनलाय, दादांचं मापही बरोबर, ड्रॉइंगच स्वतःशी जुळत नाही. इतक्या जणांच्या हातून गेलं, पण कंस कुणी बघतच नाही, मीही नाही. नंबर घातला तेव्हा बेरीज करायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मग मी एकेका मापावर क्लिक केलं. चाळीस खरा. बावीस खरा. मधला साडेबासष्ट, तो कुणीतरी हाताने टाइप करून वर ठेवलेला होता! त्याच्या खाली कॉम्प्युटरने रेघ मोजून काढलेला आकडा होता, बासष्ट.  मी मोठ्याने ओरडलेच, "दादा, इकडे या!" आणि दादा, सर, मशीनवरची दोन माणसं, सगळे माझ्या खुर्चीमागे.

सर मग म्हणाले, "गीतांजली मॅडम, शंभर हिरवे आहेत. त्यांनी साडेबासष्ट लिहिलं, आपण साडेबासष्ट बनवलं. पहिल्याच कामाला गिऱ्हाइकाची चूक काढली तर ते म्हणतील, यांना शहाणपण फार. काम गेलं तर माझं जाईल आणि तुमचंही."

मी म्हटलं, "माहीत आहे. पण कुठला आकडा खरा, एवढं विचारू द्या. चूक म्हणणार नाही, नुसतं विचारीन."

त्यांनी हात उडवला. तो होकार होता असं मी धरलं. मेल पाठवली. तीन वेळा वाचून, एक एक शब्द तपासून. अजून उत्तर नाही.

आणि तो फुगा का दिला, हे कुणालाच सांगितलेलं नाही. सगळ्यांना वाटतंय मला काहीतरी शंका आली होती. वामनदादा तर खाली सांगत फिरतायत, ताईची नजर बगा. मला मान वर करवत नाही. विचारलं तर काय सांगू?

गीता


देवरुख,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. गीता,

घाईत लिहिते, सिताराम पोस्टमन ओट्यावर बसलाय आणि मी त्याला चहावर अडवून धरलंय.

बेरीज केली. पाकिटाच्या मागे पेन्सिलीने. साडेचोवीसच येतात. वैशालीनेही केली. तिच्या सासूने बोटांवर केली.

विचारलं तर खरं ते सांग. शकुनाचा म्हणून दिला. हसतील, हसू देत. पण पोरी, शकुन शंभरावर एकाचा होता. पुढची बेरीज, ते क्लिक आणि ती मेल, यात माझा रुपया कुठेच नाही. ते तुझं तू केलंस. हे मी चार माणसांत सांगायला तयार आहे, ऐकू येत नसलं तरी.

उत्तर आलं की लगेच कळव. मी रोज दारात बसते. सिताराम लांबूनच मान हलवतो, नाही म्हणून.

आई


कोपरखैरणे,
२ मार्च २०२५

आई!

आलं! उत्तर आलं, आणि उत्तराच्या मागोमाग पुण्याहून त्यांचे इंजिनिअर स्वतः आले!

बासष्टच खरं. त्यांनी मधला टप्पा मागेच अर्ध्या मिलिमीटरने कमी केला होता. रेघ बदलली, कंस आपोआप बदलला, पण तो आकडा पूर्वी कुणीतरी हाताने टाइप केलेला, तो तसाच बसून राहिला. आपण तसं सॅम्पल पाठवलं असतं तर पंपावर झाकण बसलं नसतं, आणि पुढचा सगळा माल तसाच कापला गेला असता. ते म्हणाले, "बरं झालं विचारलंत. आमच्याकडे दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं." सरांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होतात. मीच मेल करायला सांगितली अशा थाटात उभे होते.

दुसरं सॅम्पल बनवलं. वामनदादा खालून एकेक आकडा ओरडून सांगत होते, मोबाइल असताना! मी वरून नंबर ओरडत होते. एकशे एकला दादा मुद्दाम थांबले. सगळी मशिनं बंद. मग खालून आवाज आला, "हिरवा करा ताई!"

ऑर्डर मिळाली. वर्षाची. आणि मला सरांनी माझ्या नावाची पाटी दिली टेबलावर ठेवायला. अजून तीन महिने पुरे व्हायचेत, पण म्हणाले, आता काय बघायचं राहिलंय.

मग ते व्हायचं तेच झालं. पुण्याचे इंजिनिअर म्हणाले, "कंसाला नंबर द्यायची पद्धत चांगली आहे तुमची. कुणी सुरू केली?" सर लगेच, "आमच्या मॅडमची दूरदृष्टी!"

गप्प राहता आलं असतं, आई. पाटी हातात होती. पण मला सिताराम दिसला, लांबून मान हलवणारा, आणि दारातल्या तुम्ही. मी म्हटलं, "दूरदृष्टी नाही हो. शंभर झाले होते. आमच्या आई आहेराचं पाकीट शून्यावर देत नाहीत, म्हणून मी वरचा एक घातला."

 मला वाटलं, गेली पाटी. मग वामनदादा म्हणाले, "म्हंजी मी आहेराचा रुपाया मोजत व्हतो?" आणि जो हशा झाला! ते पुण्याचे गृहस्थ डोळे पुसत होते. जाताना म्हणाले, "आईंना सांगा, आम्हीही आता घालू."

सरांनी फळ्यावर दुसरा नियम लिहिलाय. शेवटचा नंबर कंसाला. आता कुठलंही ड्रॉइंग खाली गेलं की दादा जिन्यातून विचारतात, "ताई, वरचा एक दिला का?"

आई, इतका आनंद झालाय आणि घरी येऊन सांगायला तुम्ही नाही. अभिराम ऐकतो, पण तो बेरीज करून बघत नाही. गवंड्याचं काम संपलं असेल तर या. नसेल संपलं तरी या. माझ्यावर राग असेल तर तोही घेऊन या, इथे बसून करा. तुमच्या पलंगावर उशीशिवायची चादर बघवत नाही मला.

तुमची,
गीता


देवरुख,
९ मार्च २०२५

चि. गीता,

पत्र घेऊन सिताराम पळत आला. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या मागे कुत्रं लागलं. मग त्याला बसवून सगळं वाचून दाखवलं. हिरव्याला त्याने टोपी उडवली.

आता माझं ऐक. वैशालीच्या घराला गवंड्याचा हात लागलेला नाही. तिला विचारशील तर ती हसेल, तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

मी रागावून गेले नाही. मी तिथे असते तर तू गेली नसतीस. गेली असतीस, पण चौथ्या दिवशी माझा खोकला ऐकला असतास आणि रजा टाकली असतीस. मग माझं औषध, मग माझा चहा, मग आज आईंना एकटं कसं ठेवू. अठरा वर्षं बघतेय तुला. तुला भीती वाटली असती तेव्हा घरी राहायला कारण लागलं असतं आणि ते कारण माझ्या नावाचं झालं असतं. मला ते व्हायचं नव्हतं. म्हणून उचललं स्वतःला आणि आले इकडे. उशी मुद्दाम नेली. म्हटलं, हिला वाटायला नको, म्हातारी चार दिवसांत परत येईल. एवढं तुला तेव्हाच सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं असतंस का?

इथे मी रोज तुझ्या पत्रांवर जगले. बाकी देवरुखात काही घडत नाही.

पुढच्या मंगळवारी, १८ तारखेला येते. वैशालीचा नवरा गाडीने सोडतोय. रजा काढू नकोस, अर्धा दिवससुद्धा नको, मी परत जाईन. किल्ली समोरच्या बिऱ्हाडात ठेव. कुकर मी लावीन, मला शिट्ट्या ऐकू येत नसल्या तरी वाफ अजून दिसते.

इतकी वर्षं आम्ही बाहेरून यायचो आणि दार तू उघडायचीस. मंगळवारी मी उघडीन. फक्त बेल वाजवू नकोस, ती मला ऐकू येत नाही. मी उन्हं उतरली की दार सताड उघडून उंबऱ्याशीच खुर्ची टाकून बसते. तू जिना चढताना दिसलीस की पाटी आधी दाखव.

आई